आधी घरच्यांच्या गाड्या

एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास अमळनेरच्या बाजारपेठेत एका कापड दुकानाच्या ओट्यावर मी बसलो होतो. दुकान मित्राचे होते आणि चहाही त्याचाच होता. जीजे ०५ क्रमांकाची, म्हणजे सुरतेची, एक पांढरी मोटार समोरून सावकाश गेली. मागच्या सीटवर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर प्रसादाची पिशवी होती. सात-आठ मिनिटांनी तीच मोटार पुन्हा आली, पुन्हा गेली आणि तिसऱ्या फेरीला मित्राच्या दुकानासमोर थांबली. चालकाने काच खाली केली एवढ्यात शेजारच्या दुकानातला पोऱ्या धावत आला आणि म्हणाला, "भो, आठे नको, पुढे ले." पुढे म्हणजे नेमके कुठे, हे त्या पोऱ्यालाही सांगता आले नसते. मोटार गेली ती चौथ्यांदा आलीच नाही. म्हातारीला लुगडे घ्यायचे होते की घटकाभर पाय मोकळे करायचे होते, हे मला कळायला मार्ग नाही. पण मित्राचे एक गिऱ्हाईक गेले असावे, आणि गेले असेल तर त्याचे कारण होती दुकानासमोर सकाळी साडेनऊपासून उभी असलेली मित्राच्याच भावाची चारचाकी.

मंगळ ग्रहाचे मंदिर अमळनेरला असल्यामुळे मंगळवारी गावात बाहेरगावच्या गाड्यांची रीघ लागते. एमएच १९ आपल्याच जळगाव जिल्ह्याच्या. पण त्यांच्या जोडीला धुळ्याच्या १८, नंदुरबारच्या ३९, नाशिकच्या १५, मालेगावच्या ४१ आणि गुजरातच्या गाड्या. मंदिर चोपडा रस्त्याला आहे, भर पेठेत नाही. परंतु अभिषेक आटोपला की माणूस लगेच परतीला लागतो असे नाही. कोणाला संत सखाराम महाराजांच्या वाडीत, म्हणजे त्यांच्या संस्थानात, माथा टेकवायचा असतो, कोणाला जेवायचे असते, कोणाला साडी, भांडे, सोन्याचा एखादा लहानसा डाग घ्यायचा असतो. असा माणूस पेठेत येतो तेव्हा गल्ल्या तुंबतात, आणि संध्याकाळी गावातल्या चौकाचौकांत एकच निदान ऐकू येते: बाहेरच्यांनी गाव भरून टाकले, गावात पार्किंगला जागा नाही, नगरपालिकेने एखादे मोठे पार्किंग बांधले पाहिजे, रस्ते रुंद केले पाहिजेत.

हे निदान मला चुकीचे वाटते. पेठेत गाड्या उभ्या करण्यापुरती जागा आहे. ती सकाळी दहाच्या आत आपणच अडवून ठेवतो आणि मग दिवसभर पाहुण्याला दोष देतो. पाहुण्यांच्या गाड्यांचे काय करायचे हा प्रश्न त्यानंतरचा आहे. आधी घरच्यांच्या गाड्या पेठेतून निघाल्या पाहिजेत, आणि त्या केवळ विनंतीने निघणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

थोडा हिशेब मांडू. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एका मोटारीच्या पार्किंगसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते. चौरस फुटांत ती सुमारे १३५ होते. पेठेत कित्येक दुकाने याहून लहान आहेत आणि त्यांचे भाडे, पागडी किंवा खरेदीची किंमत ऐकली तर नव्या माणसाला घेरी यावी. दुकानाच्या उंबऱ्याच्या आत जी जागा फुटाफुटाने मोजली जाते, तीच उंबऱ्याबाहेर दोन पावलांवर फुकट कशी होते, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये याच गावातल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली आणि त्या कंपनीचे शेअर अमळनेरच्या अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. अशा गावाला मालमत्तेची किंमत समजावून सांगण्याची गरज पडू नये; पण रस्ता कोणाच्याच नावावर नसल्यामुळे त्याची किंमत आपण शून्य धरतो.

दुकान साडेनऊला उघडते आणि रात्री आठला बंद होते असे धरले, तर मालकाची गाडी त्या जागेवर साडेदहा तास उभी राहते. तिच्याऐवजी गिऱ्हाइकांच्या गाड्या प्रत्येकी अर्धा तास थांबल्या असत्या, तर त्याच जागेवर एकवीस गाड्या येऊन गेल्या असत्या. दुचाकींचे गणित आणखी बोलके आहे, कारण एका दुचाकीसाठी नियमात दोन चौरस मीटर धरतात. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी सहज मावतात. म्हणजे दुकानासमोर स्वतःची चारचाकी लावणारा व्यापारी जवळपास सव्वाशे दुचाकीस्वार गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवण्याची सोय करून ठेवतो. तेवढे गिऱ्हाईक रोज येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मंगळवारी, लग्नसराईत आणि अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या आधीच्या आठवड्यात जे येते, त्यालाही जागा मिळत नाही, हे कोणत्याही व्यापाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगावे.

जागेअभावी फिरत राहणारी गाडी ही दुसरी बाब. ती पांढरी मोटार तीन फेऱ्या मारून गेली. तेवढ्या वेळात ती रस्त्यावर तीन मोटारींचे काम करत होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शुप यांनी आपल्या संशोधनाची बरीच वर्षे याच विषयाला दिली. रस्त्याकडेच्या पार्किंगचा दर असा असावा की प्रत्येक पट्ट्यावर एखाद-दुसरी जागा कायम रिकामी सापडेल, म्हणजे साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. फुकट पार्किंग खरे फुकट नसते, त्याची किंमत इतर कोणीतरी भरत असतो, हेही त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. कॅलिफोर्नियाचा दाखला अमळनेरला कशाला, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरही असेल. पण हीच गोष्ट खान्देशातल्या माणसाने आपल्या अंगणात दोनदा अनुभवली आहे, आणि कुरकुर न करता स्वीकारलीही आहे.

पहिला अनुभव अजिंठ्याचा. जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटर, आणि आपल्याकडे पाहुणा आला की त्याला तिथे नेणे हा घरचा रिवाज. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी थांबते. तिथून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे असते, कारण गाड्यांच्या धुराने चित्रांना इजा होते. ही व्यवस्था दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. सुविधा शुल्क भरायचे, वाहनतळाचे पैसे भरायचे, बसचे तिकीट वेगळे काढायचे, आणि सुट्टीच्या दिवशी बसच्या रांगेत उन्हात उभे राहायचे, हे सगळे आपण करतो. गर्दीत बस कमी पडतात ही तक्रार खरी आहे आणि मीही ती केली आहे. पण लेण्यांच्या पायथ्याशी माझी गाडी का येऊ देत नाही, असे भांडताना मी कोणाला पाहिलेले नाही.

दुसरा अनुभव सप्तशृंगीचा, आणि तो अधिक जवळचा आहे, कारण खान्देश हे देवीचे माहेर मानले जाते. चैत्रात धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे उन्हातान्हात पायी गड गाठतात. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि पुढचा घाट एसटीने चढावा लागतो. गाडी घाटाखाली राहिली म्हणून कोणाची श्रद्धा कमी झाली नाही, नवस फिटायचा राहिला नाही. लेकुरवाळी बाई, गुडघे दुखणारे आजोबा, नवी मोटार घेऊन आलेला तालुक्याचा पुढारी, सगळे त्याच बसमध्ये बसतात. मग गडावर जो नियम आपण देवीचा म्हणून पाळतो, तो आपल्या गावात आल्यावर व्यापाऱ्यांवरचा अन्याय कसा ठरतो?

याला एक उत्तर दिले जाते की अजिंठा म्हणजे लेणी आणि गड म्हणजे देवस्थान, पण गाव म्हणजे राहते गाव. हे उत्तर वरवर पटते. पण जुन्या काळी राहते गावसुद्धा याच नियमाने चालत होते. अमळनेरच्या जुन्या किल्ल्याचा दगडी दरवाजा आजही उभा आहे. त्याची रुंदी बैलगाडीच्या मापाची आहे आणि ती कोणतीही नगरपालिका वाढवू शकणार नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. आमचे आजोबा सांगत की खेड्यापाड्यांच्या बैलगाड्या नदीकाठी सोडत, बैलांना कडबा टाकत, एक माणूस राखणीला ठेवत आणि बाकीचे पायी पेठेत जात. आपल्या भाषेत गाडी 'सोडणे' आणि गाडी 'लावणे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. गाडी सोडायची असे तेव्हा तिची जागा ठरलेली असे, आणि बैलाला सावली, पाणी लागत असल्यामुळे ती दुकानाच्या दारात असणे शक्यच नव्हते. गाडी लावायची म्हटल्यावर मात्र आपल्याला वाटते, जिथे काम तिथे गाडी. मोटारीला तहान लागत नाही, हीच खरी अडचण झाली आहे.

मराठी साहित्य संमेलन या गावात १९५२ मध्ये भरले, आणि पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत, सत्त्याण्णवावे. १९५२ साली परगावचा पाहुणा म्हणजे बहुधा रेल्वेच्या डब्यातून वळकटी घेऊन उतरणारा माणूस. सुरत–भुसावळ लोहमार्ग आजही गावातून जातो, आता दुहेरीही झाला आहे. तरी आज पाहुणा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आधी त्याची गाडी येते आणि मग त्यातला माणूस. नियोजनही त्याच क्रमाने होते.

आता लोकप्रिय उपायांकडे वळतो. रस्ता रुंदीकरणाबद्दल फार लिहीत नाही. पेठेतली घरे पाडून मिळालेली दहा फूट जागा दुसऱ्याच दिवशी गाड्या लावण्याच्या कामी येते, हे आपण महाराष्ट्रभर पाहिले आहे. बहुमजली वाहनतळाची मागणी मात्र दर निवडणुकीत नव्याने होते, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. खालचा रस्ता फुकट आहे तोवर शहाणा माणूस तिसऱ्या मजल्यावर गाडी का चढवील? तो आधी रस्त्यावर चार फेऱ्या मारील, दुहेरी रांगेत उभा राहील, धोक्याचा दिवा लावून "दोनच मिनिटे" म्हणेल, आणि यातले काहीच जमले नाही तरच वर जाईल. म्हणजे इमारत उभी राहील, उद्‌घाटन होईल, तळमजल्यावर गाळे निघतील आणि वरच्या मजल्यांवर कबुतरे राहतील. रस्त्यावरची जागा आधी शिस्तीत आणून मग ती खरोखरच कमी पडली, तर इमारतीचा विचार जरूर करावा. उलट्या क्रमाने केला तर पैसे जातील.

शिवाय पार्किंगच्या कितीतरी जागा कागदावर आधीच बांधल्या गेल्या आहेत. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, आणि तिच्या आधीच्या नियमांतही, व्यापारी इमारतीला परवानगी देताना क्षेत्रफळाच्या प्रमाणात पार्किंग ठेवण्याची अट आहे. नकाशावर तळघरात पिवळ्या रेषांचे चौकोन असतात. प्रत्यक्षात त्या तळघरात उतरून पाहा: कुठे गोदाम असते, कुठे झेरॉक्सचे दुकान, कुठे शिकवणीचे वर्ग, कुठे चक्क डॉक्टरांचे प्रतीक्षागृह. अमळनेर, चाळीसगाव, धुळे, जळगाव, गाव कोणतेही घ्या, हे चित्र फारसे बदलत नाही. त्या तळघरात ज्या गाड्या उभ्या राहायच्या होत्या त्याच वर रस्त्यावर उभ्या असतात, आणि त्यांचा मालक नवे पार्किंग बांधा म्हणून निवेदन घेऊन जातो. नवा खर्च करण्याआधी पालिकेने मंजूर नकाशे आणि तळघरे शेजारी ठेवून एकदा मोजणी केली आणि ती जाहीर फलकावर लावली, तरी अर्ध्या चर्चेचा सूर बदलेल. कोणाला ती नको आहे, हेही त्या निमित्ताने कळेल.

कारवाई होते तेव्हा ती कोणावर होते, हेही पाहिले पाहिजे. वाहतूक मोकळी करायची ठरली की पहिला हात हातगाडीवर पडतो. केळीच्या फण्या मांडून बसलेला माणूस उठवला जातो, त्याचा तराजू उचलला जातो. वास्तविक एका मोटारीच्या जागेत तीन हातगाड्या आरामात मावतात आणि त्या तीन गाड्यांवर तीन घरे चालतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे आणि शहर फेरीवाला समितीमार्फत विक्रीची जागा ठरवून देण्याची रीतही घालून दिली आहे. उभ्या मोटारीला असे कोणते संरक्षण कोणत्या कायद्याने दिले आहे? उलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ सांगते की रस्त्यावर इतरांना अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे करून ठेवता येणार नाही. आणि कलम ११७ प्रमाणे वाहने कुठे, किती वेळ उभी राहतील हे स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनाचा पहिला दंड ५०० रुपयांपर्यंत गेला आहे. म्हणजे कायदा अपुरा नाही. पण दंडाची पावती सहसा दुचाकीच्या वाट्याला येते, कारण ती उचलून टेम्पोत टाकता येते. रस्त्यात आडव्या लावलेल्या मोठ्या गाडीकडे मात्र तिच्या काचेवर कोणाचे स्टिकर आहे ते वाचून मग पाहिले जाते.

माझ्या मते पेठेतल्या रस्त्यालगतच्या जागेला वेळेच्या हिशेबाने दर लावावा. दुचाकीला पहिला अर्धा तास मोफत, त्यानंतर दर तासाला वाढता आकार. चारचाकीला पहिल्या मिनिटापासून आकार. आणि दोन तासांपुढे तो इतका चढा असावा की दिवसभर गाडी लावणे कोणालाच परवडू नये. मासिक पास मात्र अजिबात नसावा. मासिक पास म्हणजे तोच मालक, तीच गाडी, तीच जागा, फक्त आता पावतीसह.

या सूचनेवर तीन आक्षेप येतात. गरिबांवर बोजा पडेल, हा पहिला. तो सगळ्यांत सोज्वळ दिसतो आणि सगळ्यांत कमी टिकतो. पेठेत मोटार घेऊन येणारा गरीब फार थोडा. गरीब माणूस एसटीने, काळी-पिवळीने, सायकलवर किंवा पायी येतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात आहे, आणि त्या दिवसापासून आमच्याकडच्या खेड्यांतल्या बाया बाजारहाटाला आणि देवदर्शनाला किती मोकळेपणाने निघू लागल्या, हे एसटीच्या गर्दीत उभे राहिले की दिसते. या बाया स्थानकावर उतरतात आणि उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीतून, डोक्यावर गाठोडे आणि हाताला पोर धरून, पेठेत येतात. रस्त्याची फुकट जागा मोटारवाल्याला मिळते आणि तिची किंमत त्या बाईच्या चालण्यातून वसूल होते. गरिबाचे नाव घेऊन फुकट पार्किंगची बाजू मांडणाऱ्याने तिच्या मागून एकदा चालून पाहावे.

गिऱ्हाईक धुळ्याला किंवा जळगावला जाईल, हा दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही, कारण पोट त्यांचे त्यावर आहे. पण ज्या गावांना गिऱ्हाईक पळेल असे म्हणतात, तिथे गाडी लावायला अमळनेरपेक्षा अधिक त्रास आहे. जळगावात फुले मार्केटच्या आसपास सणाच्या आधी ज्याने चारचाकी नेली आहे त्याला हे सांगायला नको. दहा-वीस रुपयांसाठी कोणी पन्नास किलोमीटर दूर जात नाही. जागाच नाही म्हणून मात्र जातो. त्या सुरतेच्या मोटारीकडून कोणी वीस रुपये मागितलेच नव्हते. ती वीस रुपये वाचवून, काही न घेता निघून गेली.

तिसरा आक्षेप सामान्य माणसाचा आहे, आणि त्याच्यापुढे माझी बाजू लंगडी पडते हे कबूल करतो. तो म्हणतो: वसुली कोण करणार? ठेका निघणार, ठेका कोणाच्या माणसाला मिळणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असणार, मग गळ्यात पिशवी अडकवलेली चार पोरे उभी राहणार, फलकावर दहा आणि तोंडी तीस रुपये, पावती मागितली तर अरेरावी, आणि ठेकेदाराची हद्द रोज दोन पावले पुढे सरकत शेवटी मंदिराच्या वाटेपर्यंत पोहोचणार. यात्रेजत्रेत हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. बाहेरगावचा माणूस दर्शनाची आठवण घेऊन जात नाही इतकी त्या पावतीवाल्या पोराची घेऊन जातो. म्हणून दर लावण्याची सूचना मी बिनशर्त करत नाही. वसुली ठेक्याने न देता पालिकेने स्वतःच्या किंवा महिला बचत गटांच्या हाताने करावी, पैसे मोबाइलवरून थेट पालिकेच्या खात्यात जावेत, दराचा फलक हातभर अक्षरांत असावा आणि जमा रक्कम दर महिन्याला पेठेतच फलकावर लिहावी. त्याहून महत्त्वाचे, तो पैसा त्याच पेठेत दिसला पाहिजे. चार-पाच तासांच्या प्रवासानंतर पेठेत आलेल्या बाईला स्वच्छतागृह कुठे आहे असे विचारल्यावर दुकानदार ओशाळून आत बघतो, ही आपल्या बहुतेक बाजारपेठांची अवस्था आहे. पार्किंगच्या पहिल्या वर्षीच्या पैशातून बायकांसाठी एक चांगले स्वच्छतागृह, पुढच्यातून सलग पदपथ आणि दोन-चार बसायचे कट्टे झाले, तर दराला विरोध करणाराच दर चालू ठेवा म्हणून सांगेल. तसे होणार नसेल, पैसा कुठे गेला हे कळणार नसेल, तर मीही त्या आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसेन.

पाहुण्यांच्या गाड्यांसाठी करायचे काम त्यामानाने सोपे आहे. धुळे, पारोळा आणि चोपडा या तिन्ही रस्त्यांवर गावाबाहेर मंगळवारपुरते आणि यात्रेपुरते मोकळे मैदान घ्यायचे, सावली, पाणी आणि राखण एवढी सोय करायची, आणि तिथून मंदिर–वाडी–पेठ अशी रिक्षांची फेरी ठरलेल्या भाड्यात लावायची. गावातल्या रिक्षावाल्यांना त्यातून मंगळवारची खात्रीची कमाई होईल, आणि ज्यांच्या पोटावर पाय पडेल अशी भीती असते त्यांनाच या व्यवस्थेत हिस्सा मिळेल. दिव्यांगांच्या आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या गाडीला आत येऊ द्यावे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या बंबासाठी वाट कायम मोकळी असावी, आणि आज ती नाही हे बंबाच्या चालकाला विचारले तर तो शपथेवर सांगेल. वैशाखातल्या रथाच्या दिवशी रथाची वाट मोकळी करायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्या दिवशी घरासमोरची स्वतःची गाडी प्रत्येक जण मुकाट्याने काढतो.

या सगळ्याची सुरुवात चार मंगळवारांच्या प्रयोगाने करता येईल. पहिल्या मंगळवारी फक्त एकच नियम असावा: पेठेतल्या दुकानदारांनी, त्यांच्या नोकरांनी आणि पेठेत कार्यालय असलेल्यांनी आपापल्या गाड्या ठरवून दिलेल्या मैदानावर लावायच्या आणि तिथून चालत किंवा रिक्षाने यायचे. पाहुण्याला त्या दिवशी काहीही सांगायचे नाही, कोणताही दर नाही, फलक नाही. जागा उरते की नाही ते पाहायचे. दुसऱ्या मंगळवारपासून दर आणि मैदाने. व्यापारी मंडळींनी हा पहिला मंगळवार स्वतःहून अंगावर घेतला, तर नंतर पाहुण्याला गाडी बाहेर ठेवा असे सांगण्याचा अधिकार गावाला येईल. आज तो नाही.

हे सगळे मी मित्राला त्याच ओट्यावर बसून सांगितले. त्याला ते पटले, आणि पुढच्या मंगळवारी त्याने आपली मोटारसायकल आणि भावाची चारचाकी दोन्ही घरी ठेवली. दुकानात तो पायी आला, घामाघूम झाला, आणि आल्याआल्या मला फोन करून ते ऐकवलेही. दहा वाजता समोरची जागा मोकळी होती. सव्वादहाला त्याचा पुन्हा फोन आला. शेजारच्या दुकानदाराने तिथे आपली नवी मोटार आणून लावली होती आणि वर मित्रालाच विचारत होता, "तुमची गाडी आज येणार नाही ना?"